उत्तरेकडे तोंड करून बसलेली माणसं

माझा चुलतभाऊ प्रल्हाद याने मला फसवलं. आमच्या समाजाच्या दफनभूमीला भिंत घालतो म्हणून त्याने काम घेतलं, निम्मी दफनभूमी भिंतीबाहेर ठेवली आणि त्या निम्म्यावरून स्वतःच्या प्लॉटांकडे जाणारा रस्ता काढला. त्या निम्म्यात माझी आई आहे.

हे आधीच सांगितलं, कारण पुढचं वाचताना वाटेल की हा गृहस्थ पाच दिवस खानदेशात खाऊनपिऊन मजेत फिरला. फिरलोच. त्या पाच दिवसांत ज्यांनी मला घरात घेतलं, जेवू घातलं, माझी चूक तोंडावर सांगितली, त्यांचे उपकार लिहून ठेवावेत म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. पण घरातून निघालो होतो तो रागाने.

आम्ही गोसावी, आडनाव गिरी. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवतात. खड्ड्यात मांडी घालून, उत्तरेकडे तोंड करून बसवायचं, कपाळाला भस्म लावायचं, भोवती मीठ भरायचं आणि माती लोटायची. वर छोटा ओटा आणि ओट्यावर दगडी पिंड. पिंडीची पन्हळही उत्तरेकडेच. दगडावर नाव घालायची पद्धत आमच्या गावात नाही. खाली कोण बसलं आहे हे बसवणाऱ्यांना माहीत असतं आणि ते आपल्या पोरांना दाखवतात. म्हणजे पूर्वी दाखवायचे.

चोपडा तालुका

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. लहान म्हणून मला दफनभूमीच्या वाटेवरच थांबवलं होतं. तेराव्या वर्षी जळगावला आलो, एका मोटर दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारायला लागलो. आज जुन्या पाणबुडी मोटरी आणि पाइप यांचा माझा स्वतःचा धंदा आहे, मेहरूणला घर आहे. समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या भावाला मी आयुष्यात कधी हो म्हटलेलं नाही.

प्रल्हादलाही म्हटलं नव्हतं. तो गावातला बांधकामाचा ठेकेदार. दफनभूमीत गुरं शिरतात, पिंडी पडतात, म्हणून समाजाने भिंतीचं ठरवलं आणि पैशाची बाजू मी उचलली. भिंतीच्या दरावरून मी त्याला दोन दिवस पिळलं. शेवटी त्याने हात जोडले, तेव्हा मला बरं वाटलं होतं. मग दुकानाच्या गडबडीत सहा महिने गावाकडे फिरकलो नाही.

माघ महिन्यात गेलो तर भिंत उभी होती, चांगली पक्की. आत सव्वीसच्या सव्वीस पिंडी शाळेतल्या पोरांसारख्या एका ओळीत मांडलेल्या. काळा चकचकीत ऑइल पेंट. भोवती फरशी. क्षणभर मीसुद्धा खूश झालो. मग पन्हळींकडे लक्ष गेलं. सगळ्या पश्चिमेला होत्या, भिंतीच्या फाटकाकडे, येणाऱ्याला समोरून दिसाव्यात म्हणून. पिंडी जागच्या हलवल्याशिवाय असं होत नाही. भिंतीबाहेर पाहिलं तर मोकळ्या जागेवर मुरूम पसरलेला आणि कडेला रोलर उभा.

मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. प्रल्हाद शांत होता. पूर्वी या पिंडींवर कुत्री बसायची, आता लोक मोबाइलवर फोटो काढतात, असं म्हणाला. रस्त्याची जागा पडीकच होती म्हणाला. महाशिवरात्र झाली की डांबर पडणार, हेही त्यानेच सांगितलं. महाशिवरात्रीला नऊ दिवस होते.

मी म्हटलं, माझ्या आईची समाधी होती तिथे परत बसव.

"बसवतो ना दादा. आत्ता बसवतो. कुठे होती ते दाखव."

मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं दर शिवरात्रीला जाऊन सगळ्या पिंडींवर एकेक बेलाचं पान वाहून यायचो. आपली कोणती हे विचारायची लाज वाटायची, मग ते विचारायचं राहूनच गेलं. प्रल्हादला ते पक्कं ठाऊक होतं.

जळगाव

दुसऱ्या दिवशी दफनभूमीच्या नकाशाची नक्कल काढायला कचेरीत गेलो आणि खिडकीपाशी आवाज चढवला. नक्कल आठ दिवसांनी मिळेल म्हणत होते, मी आत्ता पाहिजे म्हणत होतो. रांगेत मागे उभे असलेले एक गृहस्थ माझा दंड धरून मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ते बिऱ्हाडे आबा. सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेलेली, आता निवृत्त, धरणगाव तालुक्यात आपल्या गावी राहतात.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीचा करार मागितला. कागद माझ्या पिशवीतच होता. त्यांनी तो दोनदा वाचला.

"गिरीबुवा, तुम्ही भिंतीचा दर ठरवला. भिंत कुठे घालायची ते यात कुठे आहे?"

मी कागद परत घेतला आणि वाचला. कुठेच नव्हतं. विटेचा दर्जा होता, सिमेंटची गोणी कोणती ते होतं, उंची होती. जुन्या मोटरीचा एक एक स्क्रू तपासून घेणारा मी, आणि भिंत कशाभोवती हे लिहायचं विसरलो. मला आबांचाच राग आला. उठून जाणार होतो, पण चहा त्यांनी मागवला होता, तो अर्धा टाकून जाणं बरं दिसलं नाही. बरं झालं. तेवढ्यात त्यांनी पुढचं सांगितलं: नकाशावरून जमीन सिद्ध होईल, ती आज ना उद्या सुटेल. पण नकाशात माणसं नसतात. डांबर पडायच्या आत माणसं कुठे आहेत ते लिहून काढा. उद्या माझ्याकडे या, कसं लिहायचं ते दाखवतो.

धरणगाव तालुका

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची उपटलेली झाडं रचून ठेवलेली, कुठे कुठे शेवटची फुटलेली बोंडं काटक्यांना लटकलेली. आबांचं गाव हमरस्त्यापासून आत आहे. घरी गेल्या गेल्या आबांनी मला बसू दिलं नाही, थेट नाल्याकडे नेलं. तिथे त्यांच्या समाजाची जुनी दफनभूमी. आता बौद्ध झाल्यावर बरेच जण दहन करतात, पण जुनी पिढी सगळी इथे. बहुतेक ठिकाणी नुसता एक ओबडधोबड दगड, काही ठिकाणी तोही नाही. पुराने दोनदा दगड वाहून नेले होते.

आबांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. मोजणीच्या जाड कागदावर काढलेला नकाशा. प्रत्येक माणसाचा एक छोटा चौकोन, आत क्रमांक, बाजूला नाव, कोणाची कोण, आणि सांगणाऱ्याचं नाव. प्रत्येक चौकोनाचं अंतर दोन ठिकाणांहून मोजलेलं: नाल्यावरच्या मोरीचा कोपरा आणि गावदरवाजाचा उंबरा.

एकाच खुणेपासून मोजलं तर अंतर कळतं, दिशा कळत नाही, दोन पक्क्या खुणा धरल्या की बिंदू पळून जात नाही, हे त्यांनी मला टेप माझ्याच हातात देऊन शिकवलं. तीन जागा माझ्याकडून मोजून घेतल्या. तिसरी मी एक हात चुकवली. "ही माझी आत्या," ते म्हणाले. "तुम्ही तिला नाल्यात बसवलीत." मी पुन्हा मोजलं.

हा नकाशा त्यांच्या विहारात काचेत लावला आहे. बुद्धपौर्णिमेला पोरांना त्यासमोर उभं करून आपापला माणूस शोधायला लावतात. मला हे फार आवडलं. आमच्याकडे दगड घडवलेले, पन्हळ असलेले, आणि आम्हाला आमची माणसं सापडत नाहीत. यांचे दगड वाहून गेले आणि माणसं कागदावर जागच्या जागी आहेत.

दुपारी त्यांच्या घरी भरीत आणि ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी झाली. वांगी काटक्यांच्या जाळावर भाजलेली, हिरव्या मिरच्या आणि कांद्याची पात, वर शेंगदाणे. आबांच्या पत्नींनी मला तिसरी भाकरी वाढली, मी नको म्हटलं, त्यांनी वाढलीच. माझ्या भावतावाच्या सवयीचा त्या घरात काही उपयोग नव्हता. मी आबांना त्यांच्या वेळेबद्दल काय द्यायचं ते विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही आकडा सांगा, मी नाही म्हणतो, मग तुम्ही वाढवा, मी परत नाही म्हणतो. त्यापेक्षा आत्ताच गप बसा." आतून त्यांच्या बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

मग त्यांनी विचारलं, तुमच्यात खड्डा कोण घ्यायचं, बसवायचं कोण?

नाना भारती, मी म्हटलं. माझ्या लहानपणी प्रत्येकाला नानांनीच बसवलं. पण नाना बायको गेल्यावर गाव सोडून लेकीकडे धुळ्याच्या बाजूला गेले, त्याला दहाएक वर्षं झाली. असतील की नाही कोण जाणे. आबा चपला घालायला लागले. "चला. असतील तर बघू, नसतील तर माहीत तरी होईल."

धुळ्याच्या अलीकडे

पारोळ्याच्या पुढे ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. रस्सा इतका तिखट की आबांचे डोळे वाहत होते, आणि तरी ते वाटी पुढे करत होते. नंतर गावाचा फाटा चुकलो. एका मेंढपाळाने उलट्या दिशेला पाठवलं, मी त्याच्याशी भांडलो, आणि शेवटी त्याचंच बरोबर निघालं. परत येताना मी काच खाली करून त्याला नमस्कार केला. त्याने मेंढ्यांकडे बघितलं.

नाना होते. अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. पंच्याऐंशीच्या आसपास असतील. डोळ्यांनी सावल्याच तेवढ्या दिसतात, पण पाठ ताठ. उशाशी एक बांबूची काठी, दोन्ही टोकांना पितळी कडी. मी पाया पडलो, बापाचं नाव सांगितलं.

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्या आईचं नाव घेतलं. एवढ्या वर्षांत तिचं नाव मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मी सगळी हकीगत सांगितली. पिंडी उचलून ओळीत मांडल्या हे ऐकून ते रागावतील असं वाटलं होतं. ते थोडे हसले.

"दगड हालना म्हनीसन मानूस हालस का?" दगड हलला म्हणून खालचा माणूस थोडाच हलतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांची पद्धत त्यांनी सांगितली. नवा खड्डा घ्यायच्या आधी जुना उकरला जाऊ नये म्हणून ते काठीने मोजायचे. शेजारच्या समाधीपासून बरोबर दोन काठ्या. प्रत्येक जागा आधीच्या जागेला बांधलेली. सगळ्यांची सुरुवात मूळपुरुषाच्या समाधीपासून. ती एक सापडली की बाकीची ते डोळे मिटून सांगतील. आबा पुढे सरकून बसले. काठी किती लांब हे त्यांनी टेपने मोजून लिहून घेतलं, दोनदा.

अडचण पुढे होती. नानांची लेक, यमुना अक्का, हातात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, ताट घेऊन दारात उभी होती. तिने साफ नाही म्हटलं. नाना थंडीत खोकतात, एवढा प्रवास झेपायचा नाही, आणि भावाभावांच्या भांडणात म्हाताऱ्याला कशाला ओढता. मी गाडीत गादी घालतो म्हटलं, डॉक्टर बरोबर घेतो म्हटलं, संध्याकाळपर्यंत परत आणतो म्हटलं. प्रत्येक वेळी मी काहीतरी वाढवत होतो आणि ती मान हलवत होती. शेवटी माझा तोल गेला. माझी आई रस्त्याखाली जाते आहे आणि तुम्हाला खोकल्याची पडली आहे, असं मी तिच्याच अंगणात तिला बोललो.

ती रागावली नाही. ताट खाली ठेवलं.

"मनी माय बी तठेच शे. माले कोनी दखाडं नही."

तिचीही आई तिथेच होती, आणि तिलाही कोणी दाखवलं नव्हतं. आमच्यात बायका वेशीपर्यंत येतात, दफनभूमीत येत नाहीत. मी नऊ वर्षांचा म्हणून वाटेवर थांबलो होतो, ती तर बाईच्या जन्माची म्हणून चाळिशी उलटल्यावरही वेशीवरच थांबली होती. आबा हळूच म्हणाले, मग अक्कांनीपण यावं. नाना म्हणाले, येऊ दे. बास, तेवढ्यावर ठरलं. मी जे दोन तासांत जमवू शकलो नव्हतो ते असं झालं. तळलेले बिबडे आणि उडदाची डाळ खाऊन आम्ही तिथेच झोपलो. माझ्या बोलण्याबद्दल मी माफी मागितली तेव्हा अक्का म्हणाली, पांघरूण कमी पडलं तर सांगा.

पुन्हा गावी

अमळनेरवरून तापी ओलांडून आलो. पुलावर नानांनी गाडी थांबवायला लावली, नदीच्या दिशेने हात जोडले. गावाजवळच्या केळीच्या बागेतून जवळची वाट आहे, मी वेळ वाचवायला ती घेतली. पाटाचं पाणी वाटेवर फुटलेलं होतं, गाडी अर्धं चाक रुतली. मी स्टिअरिंगवर हात आपटत बसलो. घड कापणारे पाच-सहा पावरा आदिवासी मजूर आले, केळीची वाळकी पानं चाकाखाली घातली आणि गाडी ढकलली. अक्काने उतरून त्यांच्याबरोबर ढकलली. मी मात्र चालकाच्या जागेवर होतो, त्यामुळे चिखल उडाला तो सगळा त्यांच्या अंगावर.

दफनभूमीत पोचलो तेव्हा समाजातले दहा-बारा जण आले होते. अक्का फाटकाशी थांबली. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "चाल व माय," आणि तिचाच हात धरून आत शिरले. मग कोणी अडवलं नाही.

मूळपुरुषाची समाधी चुन्यात बांधलेली होती, तिचा पाया जेसीबीने निघाला नसणार, असा नानांचा हिशेब. आम्ही भिंतीबाहेर मुरमात पहार मारत गेलो. नुसता भुसभुशीत आवाज. पाऊण तास झाला. मला वाटायला लागलं की गेलं सगळं. मग एका जागी पहार ठणकन वाजली. हातांनी मुरूम काढला, खाली चुन्याची पांढरी कड. नाना खाली बसले, कडेवर तळवा ठेवला आणि काठी मागितली.

तिथून पुढे सगळं सोपं झालं. दोन काठ्या पूर्वेला, अमुक. तिथून दोन काठ्या दक्षिणेला, त्याची बायको. नाना सांगायचे, मी चुना टाकायचो, आबा विहिरीचा कोपरा आणि महादेवाच्या देवळाची पायरी या दोन खुणांवरून अंतर लिहायचे. अक्काची आई भिंतीच्या आतच निघाली, चकचकीत फरशीखाली. अक्का तिथे बसली, फरशीवर हात फिरवत राहिली. मग पदराने तेवढाच तुकडा पुसला.

अकराव्या जागेवर नाना थांबले. मुरमाच्या रस्त्याच्या बरोबर मधे.

"तुनी माय आठे बठेल शे."

माझी आई इथे बसली होती. मी चुना टाकायला वाकलो, पण हातातून सगळाच सांडला. नाना बोलतच होते. त्या दिवशी घरात मीठ आणायला पैसा नव्हता, बाप तर जागचा हलत नव्हता. मीठ माझ्या काकांनी आणलं. चोपड्याहून, डोक्यावर गोणी घेऊन, पायी, दोन खेपा. बाकी कोणाला ते माहीत नाही, कारण काकांनी नानांना कोणाला सांगू नका म्हटलं होतं.

काका म्हणजे प्रल्हादचे वडील. त्या घरातल्या कोणी आमच्यासाठी कधी काही केलं नाही, असं मी जन्मभर धरून चाललो होतो. त्यांच्या अंत्यविधीलाही मी उशिरा गेलो होतो. नानांना विचारलं, काका कुठे? तिथून दोन काठ्या. तेही मुरमाखालीच. प्रल्हादने स्वतःच्या बापावरून रस्ता काढला होता, आणि माझी खात्री आहे, त्यालाही ते माहीत नव्हतं. काका गेले तेव्हा तो लहान होता, माझ्यासारखाच वाटेवर थांबवलेला; त्यालाही कोणी दाखवलं नव्हतं. मी त्या जागेवर डोकं टेकवलं.

प्रल्हाद दूर मोटरसायकलवर बसून बघत होता. निरोप पाठवून बोलावलं तर म्हणाला, नाना आता म्हातारे झाले, त्यांच्या सांगण्यात काय खरं. आणि निघून गेला.

नानांनी सतरा माणसं दाखवली. बाकीची नऊ त्यांच्या जन्माआधीची, ती त्यांनाही ठाऊक नाहीत. त्यांच्या पिंडी जागेवर होत्या तोवर निदान प्रत्येक दगडाखाली कोणी बसलं आहे एवढं कळत होतं. आता तेही कळायचं नाही.

नाना सुखरूप घरी पोचले, खोकला वाढला नाही. सतरा नावांचा नकाशा आबांनी काढून दिला, त्याच्या प्रती गावच्या प्रत्येक गोसाव्याच्या घरी गेल्या. तो जोडून समाजाने कचेरीत अर्ज दिला, आणि मोजणी होईपर्यंत डांबर थांबलं आहे. या सगळ्यांचं ऋण मला फेडायचं नाही, ते असू दे.

प्रल्हाद, हे तुझ्यापर्यंत पोचेल. तुझ्या बापाची जागा मी तुला दाखवीन, माझ्याबरोबर ये. भिंतीचा करार मी नीट लिहिला नाही, ती चूक माझी, ती मी समाजापुढे कबूल करतो. पण सव्वीस पिंडी उचलताना त्या प्रत्येकीची पन्हळ उत्तरेला होती, ते तुझ्या डोळ्यांसमोर होतं. त्या नऊ जणांच्या पिंडी कुठून उचलल्या, हे सांगू शकणारा आता तू आणि तुझा जेसीबीवाला, एवढेच आहात. समाजाच्या बैठकीत उभा राहा आणि सांग.